हात वर करता येईल असा टॉप

मुलांनो, हे पान वाचता वाचता जरा उभे राहा. अंक डाव्या हातात धरा आणि उजवा हात सरळ वर करा. वर्गात उत्तर द्यायचं असलं की करता ना, अगदी तसा! केलात? आता खाली बघा. तुमचा शर्ट, टॉप किंवा फ्रॉक किती वर सरकला? दोन बोटं? चार बोटं? पोट उघडं पडलं की काय?

हसू नका बरं का. या चार बोटांपायी माझ्या वर्गातली एक मुलगी दीड महिना गप्प बसली होती.

मी परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यातल्या एका लहानशा गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ही मुलगी सातवीतली. नाव सांगत नाही, तिनंच तसं बजावलं आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हापासून बाईसाहेबांनी एकदाही हात वर केला नव्हता. वही पाहावी तर सगळी गणितं बरोबर! विचारलं तर मान खाली. मी आपली वहीत नोंद करून मोकळी झाले, 'वर्गात सहभाग कमी'. आता ती नोंद आठवली की माझी मलाच लाज वाटते.

ऑगस्टच्या सुरुवातीला एकदा मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवून घेतलं. बराच वेळ ती बोटाला ओढणीचं टोक गुंडाळत राहिली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, हात वर केला की शर्टबी वर जायलाय. पोरं हसत्यात."

तिचा शर्ट नवाकोरा होता. आईनं तालुक्याच्या गावी जाऊन आणला होता आणि दोन नंबर मोठा आणला होता. का? अहो, तुमच्या-आमच्या घरी जे म्हणतात तेच! "वाढतं अंग आहे, जरा मोठाच घ्या." मुलीची छाती २८ इंच आणि शर्ट ३२ नंबरचा. मला वाटलं, शर्ट एवढा ऐसपैस असताना तो वर का जावा? सैल कपड्यात तर हात मोकळा फिरायला हवा. तुम्हालाही असंच वाटतं ना?

डी.एड.ला असताना कार्यानुभवाच्या तासाला मी एक पिशवी आणि एक झबलं शिवलं होतं. शिवाय माझी आई गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची, त्यामुळे काज, बटण, उरेब पट्टी, टक्स हे शब्द लहानपणापासून कानावरचे. एवढ्या भांडवलावर मी ठरवलं की कार्यानुभवाच्या तासालाच या मुलीला तिच्या मापाचा टॉप शिवून द्यायचा. सगळ्या वर्गासमोर नाही हं! आधी वर्गात घोषणा केली, "प्रत्येकानं आपल्या अंगाचा कागदी खाका करायचा." म्हणजे कुणाचा टॉप पुढे शिवला जाणार हे कुणाला कळायला नको.

आता खाका म्हणजे काय? शिंपी त्याला पेपर कटिंग किंवा पॅटर्न म्हणतात. कापड महाग, कागद स्वस्त. एकदा कापडावर कात्री चालली की परत जोडता येत नाही. म्हणून आधी अंगाची मापं घेऊन कागदावर पाठ, पुढचा भाग आणि बाही काढून घ्यायची आणि मगच तो कागद कापडावर ठेवायचा. १८६३ साली एबेनेझर बटरिक नावाच्या अमेरिकन शिंप्यानं वेगवेगळ्या नंबरांचे असे कागदी नमुने विकायला काढले आणि त्याचा मोठा व्यापार झाला. त्याच्या कितीतरी आधी, इंचांची टेप सर्रास नव्हती तेव्हा, युरोपातले शिंपी प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कागदाची एक लांब पट्टी ठेवायचे. छाती इथपर्यंत, कंबर इथपर्यंत, अशा खुणा त्या पट्टीला कात्रीनं बारीक चिरा देऊन करायचे. ज्याची पट्टी त्याचाच कपडा!

आणि शिंप्यांचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडचं एक मोठं नाव सांगायलाच हवं. संत नामदेव शिंपी घराण्यातले. परंपरा सांगते की त्यांचा जन्म १२७० साली नरसी इथं झाला. हे नरसी १९९९ पर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होतं. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ते तिकडे गेलं. नामदेवांची ६१ पदं शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत आणि त्यांत गज, कातर, सुई, दोरा यांचे उल्लेखसुद्धा सापडतात.

असो. आपण मापांकडे वळू.

वर्गात मुलांची मापं मुलांनी घेतली, मुलींची मुलींनी. घरी करणार असाल तर आईची किंवा ताईची मदत घ्या. स्वतःचं माप स्वतः घेता येत नाही, कारण टेप धरायला हात हलवला की अंगही हलतं. अंगात पातळ कपडा असावा. सरळ उभं राहायचं, पण परेडसारखी छाती काढून नाही. पोट आत ओढायचं नाही. (आमच्या वर्गातल्या एका पहिलवानानं श्वास रोखून छाती तीन इंच वाढवून दाखवली होती!) टेप अंगाला टेकलेली असावी, आवळलेली नसावी. कंबर नेमकी कुठे आहे ते कळत नसेल तर एक नाडी बांधा आणि दोन्ही बाजूंना वाका. नाडी आपोआप कंबरेवर जाऊन बसते.

छाती, कंबर, खांदा, मानेच्या हाडापासून कंबरेपर्यंत पाठीची उंची, मुंढ्याचा घेर, दंडाचा घेर ही मापं तर सगळेच घेतात. मुंढा म्हणजे बाही जिथे जोडतात ते भोक. याखेरीज दोन मापं जरूर घ्या, ती बहुतेक जण विसरतात. एक, पाठीची रुंदी. मागच्या बाजूनं एका काखेच्या रेषेपासून दुसऱ्या काखेच्या रेषेपर्यंत. दुसरं, तसंच पुढून.

गंमत इथेच झाली. आमच्या वर्गात छाती २८ इंच असलेल्या तीन मुली निघाल्या. दुकानात तिघींनाही एकच नंबर मिळाला असता. पण या आमच्या मुलीची पाठ साडेबारा इंच रुंद आणि पुढची बाजू अकरा! दुसरीची दोन्हीकडे साडेअकरा. तिसरीचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली. आकडा एक आणि अंगं तीन. आमची ही मुलगी खो-खोत पहिल्या नंबरची, दिवाळीच्या सुमाराला कापूस वेचायला जाते आणि रोज हापशावरून पाणी आणते. पाठ रुंद कशामुळे ते मला सांगता यायचं नाही, पण पाठ रुंद होती हे खरं.

शिवणकामाच्या पुस्तकांत एक सोपी युक्ती दिलेली असते. छातीच्या मापावरून बाकीची मापं काढायची. माझ्या आईच्या कपाटात के. आर. झारापकरांचं 'झारापकर सिस्टिम ऑफ कटिंग' होतं. महाराष्ट्रातल्या कितीतरी शिवणवर्गांतल्या बायका त्यावर शिकल्या. छातीचा पाव भाग, सहावा भाग, बारावा भाग असे हिशोब शिवणकामात सतत येतात. तुमच्या आजीला पावकी आणि निमकी पाठ असेल तर तिच्याकडून म्हणून घ्या, शिवताना फार उपयोगी पडतात. हे हिशोब चुकीचे नाहीत बरं का. बऱ्याच जणांना ते ठीक बसतात. प्रश्न येतो उरलेल्यांचा. तयार कपड्यांचंही तसंच आहे. आपल्या देशातल्या माणसांची मापं परदेशी तक्त्यांशी जुळत नाहीत, म्हणून वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट ही संस्था यांनी 'इंडियासाइज' नावाचं सर्वेक्षण हाती घेतलं. त्याची घोषणा २०१८ साली झाली. सहा शहरांतल्या २५ हजार लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरनं घ्यायची, असं त्यात ठरलं. पण वयं कोणती? १५ ते ६५! म्हणजे हे पान वाचणारे तुम्ही बहुतेक जण त्यात नाहीच. आपली टेप आपणच धरलेली बरी.

आता माझी फजिती ऐका. मुलगी म्हणाली होती, हात वर केला की काखेत ओढतं. मी विचार केला, ओढतं म्हणजे मुंढा लहान पडतो. सरळ हिशोब! तिचा शर्ट वर्तमानपत्रावर ठेवून खाका काढला, मुंढा एक इंच खाली खोल केला, बाही थोडी लांबवली आणि मांजरपाटाचा नमुना शिवला. मांजरपाट म्हणजे जाडंभरडं कोरं कापड. तेही नसेल तर जुनी चादर चालते. टाके सगळे कच्चे, म्हणजे ओढले की निघतील असे धावदोऱ्याचे.

शर्ट किती वर जातो ते आम्ही आधी पट्टीनं मोजलं होतं. स्कर्टच्या पट्ट्यापासून साडेतीन इंच. माझा 'सुधारलेला' नमुना अंगात घातला, तिनं हात वर केला. सव्वाचार! वाईट होतं त्याहून वाईट झालं. मुलगी काही बोलली नाही. नमुना उतरवून तिनं नीट घडी घालून माझ्या हातात दिला. ते मला जास्त लागलं.

गावात एक टेलरकाकू आहेत. पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं पायमशीन असतं. संध्याकाळी मी तो नमुना घेऊन गेले. काकूंनी तो उलटा-सुलटा केला आणि हसायलाच लागल्या. "मॅडम, मुंढा अजून कुठवर खाली न्यायलाव? कमरंपर्यंत? हाताला जागा खाली नसती लागत. वर लागती."

मला कळेना. तेव्हा त्यांनी माझाच हात धरून वर केला आणि काखेत बोट ठेवलं. हात फिरतो तो खांद्याच्या सांध्यातून. बाही आणि अंग यांचा जोड जर अगदी काखेजवळ असेल तर हात वर जातो आणि कडेची शिवण जागच्या जागी राहते. पण तो जोड बरगड्यांपर्यंत खाली असेल तर? हात वर गेला की तो जोडही वर यायलाच हवा आणि तो एकटा येत नाही, सगळा शर्ट ओढून आणतो. वटवाघळाचा पंख चित्रात पाहिलाय ना? हात आणि अंग यांच्यामध्ये ताणलेलं कातडं असतं. मोठ्या नंबरच्या शर्टात आपणही थोडे वटवाघूळच होतो! म्हणजे तिच्या आईनं मायेनं घेतलेले ते दोन नंबर जादा हेच हात अडवत होते.

दुसरी गोष्ट बाहीची. बाही कापून सपाट ठेवली तर तिचा वरचा भाग डोंगरासारखा दिसतो. डोंगर उंच असेल तर बाही अरुंद होते. हात खाली असताना ती छान दिसते, एक सुरकुती नाही. पण हात वर होत नाही. डोंगराची टेकडी केली तर बाही रुंद होते. हात खाली असताना काखेत थोड्या चुण्या पडतात, पण हात झकास वर जातो. लग्नातल्या ब्लाऊजला डोंगर, शाळेच्या आणि शेतातल्या कपड्याला टेकडी, असं काकूंचं म्हणणं.

हे मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर मांडलं आणि सातवीच्या मुलांना म्हटलं, करा बघू गणित! मुंढ्याचा घेर १४ इंच, म्हणजे अर्ध्या बाहीच्या वाट्याला ७. हा झाला काटकोन त्रिकोणाचा कर्ण. बाहीच्या डोंगराची उंची साडेचार इंच धरली तर पाया येतो सुमारे ५.३५, दुप्पट केली की बाहीची रुंदी साधारण पावणेअकरा. उंची तीन इंच धरली तर पाया ६.३ आणि रुंदी साडेबाराच्या थोडी वर! पायथागोरसला शिंपीकाम येत होतं की नाही कोण जाणे, पण त्याचा सिद्धांत आम्हाला उपयोगी पडला. (खरी बाही वळणदार असते, तेव्हा थोडा फरक पडतो. शेवटी टेप उभी धरून वळण मोजायचंच.)

मग नवा खाका केला. हा शर्टावरून नाही, अंगावरून. छाती २८, त्यात हालचालीसाठी चार इंच सैलपणा, झाले ३२. आता तुम्ही म्हणाल, मग दुकानातला ३२ नंबरच झाला की! नाही. त्या शर्टाच्या छातीचा घेर मोजला तर सदतीस इंच भरला, कारण तो ३२ छातीच्या अंगासाठी शिवलेला होता. आमच्या ३२चे चार भाग केले तर प्रत्येकी आठ. पण तिची पाठ रुंद आणि पुढची बाजू अरुंद, म्हणून मागच्या पावाला साडेआठ आणि पुढच्याला साडेसात दिले. बेरीज तीच राहते, वाटणी बदलते. मुंढ्याची खोली छातीच्या पाव भागातून एक इंच वजा, म्हणजे सहा. शर्टात ती साडेआठ होती! कंबर २५, तिथे तीन इंच सैलपणा.

छाती आणि कंबरेतला फरक कुठे घालवायचा? थोडा कडेच्या शिवणीत, थोडा टक्समध्ये. टक्स म्हणजे कापडाची शिवलेली चिमटी. घरी एक प्रयोग करा. तांब्याला वर्तमानपत्र गुंडाळा. पोटापाशी कागद बसतो, गळ्यापाशी सुटतो, हो की नाही? सुटलेला कागद जागोजागी चिमटीत धरा. त्या चिमट्या म्हणजेच टक्स. कागद आणि कापड सपाट असतात, तांब्या आणि आपण गोल. तुमच्या वयात अंगाचा आकार दर सहा महिन्यांनी बदलतो, मुलींचा तर जास्तच. त्याप्रमाणे टक्सही बदलावे लागतात. त्यात लाजण्यासारखं काहीही नाही.

दुसरा नमुना मांजरपाटाचा शिवला. तिनं हात वर केला. पट्टी लावली. एक इंच! पाठीवर मात्र मानेखाली एक आडवी चुणी दिसत होती. काकूंनी ती टाचणीत धरली, पाव इंच भरली, तेवढा कागद कमी केला. कपडा नीट बसला नाही की खाक्यावर खूण करायची आणि खाका बदलायचा. आमच्या खाक्यावर लाल, निळ्या आणि हिरव्या अशा तीन रेघा आहेत.

आता कापड. आपला जिल्हा कापसाचा. मानवत आणि सेलूच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग तुम्ही पाहिली असेल. सुती कापड घामाला बरं, पण पहिल्या धुण्यात आटतं. म्हणून आधी रात्रभर भिजवा, वाळवा, इस्त्री करा आणि मग कापा. छत्तीस पन्ह्याचं सव्वा मीटर आम्हाला पुरलं. खाका ठेवताना उंची ताण्याच्या धाग्यात, म्हणजे काठाला समांतर धरा. तिरका ठेवलात तर कपडा उरेबात जातो आणि धुतल्यावर एका बाजूला लोंबतो. माझ्या पहिल्या झबल्याचं तेच झालं होतं.

आणि आता मोठ्यांसाठी एक गोष्ट. शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात त्याला शिंपी 'माया' म्हणतात. वाढत्या अंगासाठी कपडा मोठा शिवू नका, त्यात माया जास्त ठेवा. कडेच्या शिवणींना एकेक इंच, खाली दुमडायला दोन इंच, बाहीच्या टोकाला एक इंच. मुंढ्याला अर्धा आणि गळ्याला पावच ठेवा, कारण वळणावर जादा कापड आत गोळा होतं आणि टोचतं. तिथे कात्रीनं बारीक चिरा द्या, पण शिवणीला लागू देऊ नका. कडेची शिवण सगळ्यात शेवटी घाला, म्हणजे उसवायला सोपी जाते. तिच्या आईला हे सांगितलं तेव्हा तिनं टॉप उलटा करून आतली माया बोटांनी मोजून पाहिली आणि मगच मान डोलावली.

शिवण काकूंनी स्वतः मारली नाही. मुलगी मशीनवर बसली, काकू शेजारी. दोनदा दोरा तुटला, एकदा उजवी बाही डावीकडे लागली, ती उसवली. पाच संध्याकाळी गेल्या. काज मात्र काकूंनी केले, सुबक काज करायला वर्षं लागतात.

तो टॉप घालून ती शाळेत आली त्या दिवशी मी मुद्दाम काहीच बोलले नाही. गणिताच्या तासाला प्रश्न विचारला. तिसऱ्या बाकावरून हात वर गेला, सरळ, कोपर न वाकवता. मी नाव घेतलं. उत्तर चुकलं! पोरं हसली. तिनं वहीत बघितलं, ओठ चावला आणि पुन्हा हात वर केला.

वर्गातल्या सगळ्यांचे खाके आता जुन्या लिफाफ्यांत ठेवले आहेत, वर नाव आणि तारीख. तारीख फार महत्त्वाची. तिसरी मुलगी, जिचा एक खांदा खाली आहे, तिच्या लिफाफ्यावर 'डावा' आणि 'उजवा' असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय, कारण तिचा खाका घडीवर कापायचा नाही, दोन्ही बाजू वेगवेगळ्या कापायच्या. दोन मुलांनी शर्टाचा खाका स्वतः काढला. त्यांतला एक आता शनिवारी दुपारी काकूंकडे बसतो.

जानेवारीत आमच्या मुलीची पुन्हा मापं घेतली. छाती साडेअठ्ठावीस, पाठ पावणेतेरा, उंची दीड इंच वाढलेली. काकूंनी कडेची शिवण उसवली, दोन्हीकडून अर्धा अर्धा इंच सोडला, खालची दुमड एक इंच मोकळी केली. आत अजून दोन्हीकडे अर्धा इंच शिल्लक आहे.